न धुवायची रेती

लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईने मला स्वयंपाकाबद्दल काही सांगितलं नाही, फक्त जिभेबद्दल सांगितलं. सासऱ्यांसमोर जपून बोल, म्हणाली. तिला काळजी वाटणं साहजिक होतं. माझी जीभ तिखट आहे, राग नाकावर असतो, आणि रागात मी कॉलेजात शिकवणारी बाई राहत नाही, थेट नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीतली पोरगी होते. नवऱ्याने हे लग्नानंतर आठवड्याभरात ओळखलं आणि पुढची एकोणीस वर्षं मजेत सोसलं. सासू-सासरे मात्र उमरेडला राहायचे, आम्ही नागपुरात. सणावारी दोन दिवस जायचं, गोड बोलायचं आणि परत यायचं. तेवढं मला जमत होतं.

मागच्या दिवाळीनंतर सासूबाई गेल्या आणि सासरे आमच्याकडे नागपुरात, हुडकेश्वरला आले. त्यांच्या हृदयात आधीच एक स्टेंट होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की ह्यांना आता एकटं ठेवू नका. पण सासरे येतानाच एक लहान बॅग घेऊन आले, त्यात चार शर्ट, दोन पॅन्ट आणि औषधांचा डबा. उन्हाळा लागला की मी आपला उमरेडले जातो, असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. नवरा चंद्रपूरला नोकरीला, शनिवारी येतो आणि रविवारी रात्री जातो. मुलगा शिकायला पुण्यात. म्हणजे घरात उरलो आम्ही दोघं. नवरा दर शनिवारी मला स्वयंपाकघरात गाठून हळूच सांगायचा, काहीही कर पण बाबांना जाऊ देऊ नकोस, तिथे रात्रीबेरात्री काही झालं तर कोण आहे. जणू सासऱ्यांना थांबवायचं यंत्र माझ्याकडे होतं आणि मीच ते चालू करत नव्हते.

मी माझ्या परीने जे करता येईल ते केलं, म्हणजे अतोनात सौजन्याने वागले. चहा गार झाला तर न बोलता दुसरा केला. रेडिओ कितीही मोठ्याने लावला तरी माझ्या उत्तरपत्रिका घेऊन मी आतल्या खोलीत गेले. ते पंखा चालू ठेवून फिरायला गेले तर मागून जाऊन बंद केला. शेजारच्या काकू म्हणायच्या, सून असावी तर अशी. मला स्वतःचा हेवा वाटायचा, आणि रोज संध्याकाळी जबडा दुखायचा.

आमच्या दोघांत बोलण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे माझी माशांची टाकी.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तीन वर्षांपूर्वी एका दंतवैद्याकडे दाढ काढायला गेले होते. तिथल्या टाकीत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे बघत दोन तास बसले आणि दाढेबरोबर डोकंही गमावून घरी आले. ते समुद्रातले मासे होते. आता नागपुरातून कुठल्याही दिशेने निघा, समुद्र रात्रभराच्या गाडीच्या आत सापडत नाही. म्हणजे समुद्र घरीच बनवायचा. फिल्टरचं पाणी, त्यात पिशवीतलं खास मीठ, मोजमाप, पंप, दिवे. शेजारी म्हणायचे, एवढ्या कुटाण्यात दोन म्हशी पाळून झाल्या असत्या.

तिसऱ्या वर्षी टाकीत शेवाळ माजलं. काचेवर, दगडांवर, पंपाच्या नळीवर, सगळीकडे हिरवी-तपकिरी लव. मासे खातात आणि हगतात, ती घाण पाण्यात विरघळते, ती शेवाळाला मिळते. ह्यावर उपाय म्हणजे मोठ्या टाकीच्या खाली, कपाटात, एक लहान टाकी ठेवायची. तिला ह्या छंदातले लोक रेफ्युजियम म्हणतात. तिच्यात मासे नाहीत, फक्त समुद्रातल्या वनस्पती. पाणी वरून खाली येतं, वनस्पती त्यातलं खत खाऊन टाकतात, आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. म्हणजे वर जेवणाऱ्यांची पंगत आणि खाली भांडी घासणारे. सासरे तिला खालचा मजला म्हणायचे. आज त्या खालच्या मजल्यावर गवत वीतभर वाढलं आहे, पण तेव्हा तिथे नुसती कोरडी काच होती.

बहुतेक लोक अशा टाकीत नुसतं तरंगणारं शेवाळ टाकतात, त्याला माती लागत नाही. मला मात्र सागरी गवत हवं होतं. खरं गवत, मुळ्या असलेलं, समुद्राच्या तळाशी कुरणासारखं वाढणारं. बंगळुरूचे एक छांदिष्ट गृहस्थ घरच्या टाकीत ते वाढवतात, त्यांनी कुरियरने मूठभर पाठवायचं कबूल केलं. तेव्हा प्रश्न आला की ते लावायचं कशात.

सासरे आयुष्यभर उमरेडच्या कोळशाच्या खाणीत, सर्व्हे सेक्शनला. कोळशावर किती माती आहे, ती काढून कुठे टाकायची, हे मोजण्यात त्यांची नोकरी गेली. माती म्हणजे वरून उचलून बाजूला करायची गोष्ट. पैसे देऊन माती विकत घ्यायची हे ऐकून ते पहिल्यांदा मोठ्याने हसले. आमच्या घरी आल्यापासूनचं ते पहिलं हसू होतं, म्हणून मी ते लक्षात ठेवलं.

मग त्यांनी निकाल दिला. "कन्हानची रेती टाक. त्याच्याहून चांगली रेती दुनियेत नाही."

नागपूरच्या माणसाला कन्हान नदीच्या रेतीबद्दल काही शंका घेतलेली चालत नाही. अर्धं शहर तिच्यावर उभं आहे. समोर बांधकाम चालू होतंच, ते जाऊन ओंजळभर घेऊन आले. मी त्यांना एका बशीत ती रेती आणि दुसऱ्या बशीत माझ्या मोठ्या टाकीतली रेती दाखवली आणि दोन्हींवर लिंबू पिळलं. कन्हानची नुसती ओली झाली. दुसऱ्या बशीत मात्र फस्स करून फेस आला. ती मुळात पोवळ्यांचा आणि शिंपल्यांचा चुरा, म्हणजे चुनाच. ती पाण्यात अगदी हळू विरघळत राहते आणि पाणी आंबट होऊ देत नाही. नदीची रेती म्हणजे गारगोटी, ती वाईट नाही, पण तिचा उपयोग नुसता जागा भरायला. हे सगळं मी वर्गात सांगते तसं सांगितलं. त्यांनी विद्यार्थ्यांपेक्षा लक्ष देऊन ऐकलं.

इतकं लक्ष देऊन की दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर फ्रीजमधली चारही लिंबं संपली होती. त्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूची परीक्षा घेतली होती. फरशी, विटेचा तुकडा, कुंडीतली माती, पानाचा चुना, आणि देवघराचा संगमरवर. संगमरवरही चुन्याचाच. त्यावर पैशाएवढे सात डाग पडले होते, पॉलिश कायमची गेली होती. देवघर माझ्या आईने दिलेलं. "याच्यावर तं भल्ला फेस आला," ते उत्साहाने म्हणाले. मी म्हटलं, हो का बाबा, छान. आणि आत जाऊन बाथरूमचा नळ सोडून दोन मिनिटं उभी राहिले.

त्याच आठवड्यात त्यांनी मला उमरेडच्या एसटीच्या वेळा विचारल्या. उन्हाळा लागला होता. मी नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, रेतीचं काम लांबव जरा. तेवढ्यापुरतं तर तेवढ्यापुरतं, म्हणून मी त्यांना म्हटलं, बाबा, सदरला चला माझ्याबरोबर, माती निवडायला तुमच्याइतकं कोणाला कळणार. ते लगेच शर्ट बदलून आले.

सदर भागात माशांच्या टाक्यांचं सामान विकणारं दुकान आहे, तिथे तीन प्रकारचा माल होता. एक हरभऱ्याएवढे पोवळ्याचे तुकडे. एक रव्यासारखी बारीक पांढरी रेती. आणि एका बंद पिशवीत काळपट समुद्री चिखल. मला तुकडे आवडले होते, दिसायला देखणे, आणि त्यातून पाणी छान खेळेल असं मला वाटत होतं. सासऱ्यांनी तिन्ही हातात घेतले, बोटांत चोळले. मग रेतीची चिमूट सरळ तोंडात टाकली आणि दातांखाली फिरवली. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. खाणीतल्या माणसांची ही रीत आहे, माती किती बारीक ते दात सांगतात. त्यांनी खिडकीतून बाहेर थुंकून तुकड्यांची बरणी बाजूला सारली.

"मुळीले पकड पाह्यजे," ते म्हणाले. "या गिट्टीत मुळी लटकून राहीन, आन घाण सगळी फटीत जाऊन सडन. बारीक रेती घे, त्यात हा चिखल मिळव. आन अर्धी वीत थर पाह्यजे, कमी नाही."

दुकानदार माणूस वीस वर्षं ह्या धंद्यात. तो म्हणाला, काका, हेच मी म्हणणार होतो. मी तुकडे परत ठेवले. सासऱ्यांची छाती जरा पुढे आली. मग समोरच्या टपरीवर चहा घेतो म्हणून ते रस्ता ओलांडून गेले.

ते गेल्यावर दुकानदाराने त्याच बारीक रेतीची ओली, बंद पिशवी काढली. ही जिवंत रेती आहे मॅडम, म्हणाला. हिच्या कणाकणावर जिवाणू आहेत, बारीक किडे आहेत, तेच घाण पचवतात. वास येईल, रंग घाण दिसेल, पण धुवू नका आणि वाळू देऊ नका. मी मान डोलावली. रसायनशास्त्राच्या बाईला हे कळतंच. रस्त्यापलीकडे चहा पिणाऱ्या माणसाला मात्र मी हे सांगितलं नाही. विसरले असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. त्यांना काही सांगायचं नाही, त्यांचं हवं-नको फक्त बघायचं, ही मला पाच महिन्यांची सवय लागली होती.

घरी येऊन मी रेती आणि चिखल एका मोठ्या टबात एकत्र केलं, वर खारं पाणी ओतलं आणि टब मागच्या अंगणात सावलीत झाकून ठेवला. गवत दोन दिवसांनी येणार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता कॉलेजला गेले.

दीड वाजता परत आले तर टब रिकामा. पुसून उपडा घातलेला. सासरे घरात नाहीत. हाक मारली तर उत्तर गच्चीवरून आलं. एप्रिलातली दुपार, पायऱ्यांच्या कठड्याला हात लावला तर चटका. वर शेजारच्या काकूंच्या मिरच्यांच्या चटईशेजारी माझी जुनी चादर अंथरली होती आणि तिच्यावर माझी रेती, पांढरीशुभ्र, एकसारखी पसरलेली, बोटांनी रेघा ओढलेली. सासरे पाण्याच्या टाकीच्या सावलीत डोक्याला दुपट्टा बांधून कबुतरं हाकायला काठी घेऊन बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. लय घाण होती बाई, म्हणाले, सडून राहिली होती, सात पाण्यातून काढली तेव्हा कुठे नितळ पाणी आलं.

मी वाकून रेती हातात घेतली. तव्यावरची असावी तशी गरम. चिखल सातही पाण्यांबरोबर वाहून गेला होता. जे जिवंत होतं ते सकाळपासून उन्हात पडलं होतं. मी विचारलं की धुतलेलं पाणी कुठे टाकलं. कारण नळाला एक दिवसाआड पाणी येत होतं, आणि आमच्याकडे असं पाणी कोणी फेकत नाही. ते म्हणाले, फेकलं नाही, मोगऱ्याले आन कढीपत्त्याले टाकलं.

तिथे माझं सुटलं.

"बाबा, काहून धुतली जी? कोणी सांगितलं होतं तुम्हाले? तोंड नाही का विचाराले? जिवंत होती ते रेती, भाजून मारून टाकली तुम्ही. आन कढीपत्त्याले मीठ पाजलं. आता काय झाड जगते का ते?"

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पाच महिन्यांचा साठा होता. मी लिंबापासून सुरुवात केली. देवघर, सात डाग, माझ्या आईची आठवण. मग रेडिओ. मग पंखा. मग रोज सकाळी पेपरची चार पानं चार खोल्यांत. औषध घेतलं का विचारलं की हो म्हणायचं आणि गोळी तशीच. गरम चहा समोर ठेवला की नेमकं तेव्हाच अंगणात जायचं. उन्हात दिवसभर बसलात, काही झालं असतं तर मी तुमच्या पोराला काय तोंड दाखवू. शेजारच्या काकू मिरच्या उलटायला वर आल्या होत्या, त्या दारातूनच परत गेल्या. "तुमच्या हाताले घडीभर चैन नाही," हे माझं शेवटचं वाक्य. सासरे काठी मांडीवर ठेवून ऐकत होते. माझं संपल्यावर ते "बरं" म्हणाले, उठले आणि रेती गोळा करायला लागले.

संध्याकाळी मी पान वाढलं आणि समोर बसले नाही. त्यांनी आतून हाक मारून आणखी भाजी मागितली. त्यांनी कधी काही मागून घेतलं नव्हतं, पण माझं डोकं इतकं तापलं होतं की मी वाढली आणि निघून आले.

सकाळी सहाला उठले तर त्यांच्या खोलीचं दार उघडं. अंथरुणाची घडी. चपला नाहीत, बॅग नाही. फोन मात्र चार्जिंगला तसाच लावलेला.

मी अंथरुणाच्या त्या घडीवरच बसले. मला सगळ्यात आधी नवरा आठवला नाही, डॉक्टरही आठवले नाहीत. बशीतला फेस बघणारे ते डोळे आठवले. गेले महिनाभर मी कॉलेजातून येताना मनात जुळवत यायचे की आज त्यांना काय दाखवू. ते उन्हाळ्यात जाणार ह्याचं सुरुवातीला मला सुटल्यासारखं वाटायचं, खोटं कशाला बोलू. आता मला ते घरात हवे होते, आणि मीच त्यांना बोलून हाकललं होतं.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, काय बोललीस तू? मी म्हटलं, सगळं. सगळं म्हणजे? लिंबापासूनचं. तो म्हणाला, ते उमरेडलाच गेले असणार, तू जा, मी तिथे शेजारी फोन करतो. अर्ध्या तासाने कळलं की सासरे पहिल्या बसने उमरेडला पोचले, शेजारणीने त्यांना घर उघडताना बघितलं. मी कॉलेजात रजा कळवली आणि उमरेड रोडवर उभी राहून एसटीला हात केला.

बसमधून दुकानदाराला फोन लावला. दुसरी रेती मागवायची म्हणून लावला होता, नाहीतर खिडकीतून कोळशाचे ट्रक बघत रडू आलं असतं. तो ऐकून हसला. म्हणाला, मॅडम, रेतीला काही होत नाही, रेतीच ती. तुमच्या वरच्या टाकीतली दोन मुठी रेती तिच्यात टाका, महिन्याभरात पुन्हा जिवंत होईल. गेला तो फक्त चिखल, त्याची पिशवी उद्या पाठवतो. म्हणजे एका चिखलाच्या पिशवीसाठी मी म्हाताऱ्या माणसाला सात जन्मांचं ऐकवलं होतं. उरलेल्या रस्त्यात मी माफीची वाक्यं जुळवली. मऊ, स्वच्छ, माझ्या आईला आवडली असती अशी.

उमरेडचं घर दोन खोल्यांचं. शेजारच्या घरात अजून एक हातमाग चालतो, त्याचा आवाज गल्लीच्या तोंडापासून येतो. दार उघडं होतं. सासरे स्टुलावर उभे राहून फळीवरून काहीतरी काढत होते, अंगावर बनियन, हाता-पायांना माती. घर लावायला घेतलं, मी मनात म्हटलं, आता हे येत नाहीत.

त्यांनी मला बघितलं आणि विचारलं की तू कायले आली एवढ्या उन्हात. मी उंबऱ्यातच उभी राहून माझी वाक्यं म्हणून टाकली. माझं चुकलं बाबा, मी असं बोलायला नको होतं, तुम्ही मदत म्हणून केलंत, मला माफ करा, चला घरी.

ते स्टुलावरून खाली उतरले. चेहऱ्यावर राग नव्हता, पण चेहरा जरा पडला होता.

"झालं," ते म्हणाले, "लागली पुन्हा पाहुण्यासारखी बोलाले."

मला काही समजलं नाही. त्यांनी मला स्टूल दिलं, माठातलं पाणी दिलं आणि स्वतः कॉटवर बसले.

"पाच महिने झाले, बाई. देवघराले डाग पाडले तरी तू मनली, छान. चहा गार झाला की दुसरा करून देते, काही मनत नाही. पाहुण्याले कोणी बोलत नसते, मी मनलं, पाहुण्यानं आपलं टाइमावर निंघून जावं. तुयी सासू असती तं लिंबाच्याच दिवशी मले अंगणात उभं केलं असतं. चव्वेचाळीस वर्षं रोज बोलली मले. ते गेल्यापासून मले कोणी बोललंच नाही." त्यांनी हातावरची वाळलेली माती खरवडली. "काल तू बोलली, तं मले वाटलं, चला, आता राहता येते त्या घरी. मंग सामान घ्याले आलो."

कॉटवर बॅग उघडी होती. मी आता नीट बघितलं. तिच्यात स्वेटर होता, मफलर होता, हिवाळ्याचे मोजे होते. सासूबाईंच्या औषधांच्या जुन्या डब्यात त्यांचे चष्मे. रेशनकार्ड. खाणीतली गुंडाळायची लांब टेप. उन्हाळ्यात हिवाळ्याचे कपडे भरलेली ती बॅग बघून मला जे रडू आलं ते मी लपवलं नाही. ते मोजे बॅगेत नीट लावत राहिले. माझं आटोपल्यावर म्हणाले की फोन राहिला वाटते तिकडेच, तुले सांगायचं होतं उठल्यावर.

मग ते उठले आणि दारामागून एक सिमेंटची पोतडी ओढत आणली. अर्धी भरलेली, खालून पाणी गळत होतं. बाहेर आलेलं काळं, चिकट, शेवाळाच्या वासाचं.

मी विचारलं, हे काय. ते म्हणाले, गाळ. तलावातला. घर उघडलं, खुरपं घेतलं आन आधी तिकडेच गेलो. बारीक माल मी धुवून टाकला नं, मंग त्याची भरपाई नको का. एकदम लोण्यासारखा गाळ आहे, दाताले लागत नाही.

गोड्या तलावाचा गाळ. त्यात ढोरं बसतात, त्यात कपडे धुतात. तो खाऱ्या टाकीत एक चमचा पडला तरी माझे मासे दोन दिवस जगले नसते. आणि हृदयात स्टेंट असलेल्या ह्या माणसाने तो सकाळी तलावात उतरून, वाकून, खुरप्याने उकरून, खांद्यावरून गल्लीपर्यंत आणला होता. सवयीने माझ्या ओठांवर आलं, असू द्या बाबा, छान आहे. मी त्यांच्याकडे बघितलं. ते पोतडीचं तोंड हातात धरून उभे होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते.

"तुम्हाले अक्कल आहे का जी?" मी म्हटलं. "एवढं वझं उचललं खांद्यावर? डॉक्टरनं काय सांगितलं होतं? पाय घसरला असता तलावात तं कोणाले पत्ता लागला असता? आन हे टाकीत टाकता? माशाले मारता का मह्या? दाताले लागत नाही मने. तलावाचा गाळ तोंडात घातला? गोळी घेतली का सकाळची? नाही घेतली. मले माहीत होतं."

शेजारचा माग थांबला. शेजारीण आपल्या दारात येऊन उभी राहिली. मी पोतडी ओढत अंगणात नेली, आंब्याच्या आळ्यात उपडी केली, आणि करता करता बोलतच होते. आत येऊन बॅगेतला डबा शोधून गोळी त्यांच्या हातावर ठेवली. ती त्यांनी माझ्यासमोर घेतली. हातपाय धुतले, शर्ट घातला, बटणं लावली, सगळं ऐकत. खिडकी लावून घेतली. मी बॅग उचलून बाहेर आले आणि पुन्हा पंख्यावर पोचले होते, तेव्हा त्यांनी दार ओढलं, कुलूप घातलं, दोनदा हिसडा देऊन बघितलं आणि किल्ली शेजारणीच्या हातात दिली.

"चाल, बस निंघून जाईन," ते म्हणाले. "बाकीचं बसमंधी बोलजो."